डेफिनेटली, ॲक्च्युअली आणि लई

इंग्रजी लिहिताना स्पेलिंगची धास्ती वाटायची ते दिवस गेले. स्पेलिंग आता फोन सांभाळतो. व्याकरण चुकलं तर कॉम्प्युटर खाली लाल रेघ ओढतो. पूर्वी गुरुजीही ओढायचे, पण रेघेबरोबर कानही ओढायचे, एवढाच फरक. धाराशिवात आमच्या गल्लीचं इंग्रजी हल्ली अडतं ते एकाच ठिकाणी. ‘आय ॲम’ एवढं टाइप करून माणूस श्वास घेतो, तेवढ्यात फोन त्याच्यापुढे तीन चौकटी मांडतो: ‘सो’, ‘व्हेरी’, ‘रियली’. माणूस गोंधळतो. आपण हॅपी आहोत हे त्याला नक्की ठाऊक असतं, पण सो हॅपी, व्हेरी हॅपी की रियली हॅपी, याचा त्यानं आयुष्यात कधी विचार केलेला नसतो. मग तो अंगठा तसाच अधांतरी धरून माझ्याकडे येतो.

माझ्याकडेच का, तर मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालो आहे. कितव्या वर्गात झालो हे कुणी विचारत नाही, मीही विषय काढत नाही. घरात रेन अँड मार्टिनचं व्याकरण आहे, त्याला खाकी कव्हर आहे आणि मला चष्मा आहे. एवढ्या भांडवलावर गल्लीनं मला इंग्रजीचा तहसीलदार करून टाकलंय. चहाच्या वेळेला कुणीतरी फोन पुढे धरतं.

“सर, हितं व्हेरी टाकू का रियली?”

“काहीही टाका. काय फरक पडतो?”

“फरक न्हाई तर मग इंग्रजांनी दोन शब्द कशाला केले?”

या प्रश्नाला रेनकडेही उत्तर नाही आणि मार्टिनकडेही नाही. त्यातले रेनसाहेब म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला माणूस. १९२४ साली त्यांची ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची कादंबरी गाजली. वाळवंट, किल्ला, वेढा, सगळं तिच्यात आहे. इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक त्यानंतरचं. आधी वाळवंटातला वेढा लिहून हात बसवला आणि मगच क्रियाविशेषणांच्या वाटेला गेले, यात मला त्यांचा शहाणपणा दिसतो.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत भेटायचं. २००० सालापासून राज्यात ते पहिलीपासून आलं, त्यामुळे आमची भाची माझ्यापेक्षा चार वर्षं आधीपासून गोंधळलेली आहे. तिला पुण्यात मुलाखतीला जायचं होतं म्हणून तिनं स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. क्लासचं नाव सांगत नाही, कारण तिथले सर मला रोज भाजी घेताना भेटतात. सरांची शिकवण अशी, की इंग्रजी येणं वेगळं आणि येतंय असं वाटणं वेगळं, आणि पगार दुसऱ्याचा मिळतो. त्यासाठी त्यांनी तोडगा दिला होता. वाक्य सुरू करायला ‘बेसिकली’. मध्येच अडकलं तर ‘ॲक्च्युअली’. समोरचा टक लावून बघायला लागला तर ‘ऑनेस्टली’. आणि वाक्य कुठे संपवावं हे कळेना झालं, की ‘डेफिनेटली’ म्हणून हसायचं.

भाची घरात सराव करू लागली.

“बेसिकली माय नेम इज...”

“अगं, नाव बेसिकली कसं? खोलात गेल्यावर दुसरं निघतं का?”

“मामा, तुम्ही ना लिटरली डोकं खाता.”

‘लिटरली’ म्हणजे शब्दशः. मी तिच्या डोक्याकडे पाहिलं. सगळं जागेवर होतं.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, तुम्ही कुठल्या? ती म्हणाली, “ॲक्च्युअली, आय ॲम फ्रॉम धाराशिव.” साहेबांनी कागद पाहिले. दहावीच्या गुणपत्रिकेवर उस्मानाबाद. ती म्हणाली, “ॲक्च्युअली, इट वॉज उस्मानाबाद.” साहेबांनी मान डोलावली. तिला वाटलं, अर्धवट सांगून चालणार नाही. म्हणून पुढे म्हणाली, “बट बिफोर दॅट, ॲक्च्युअली, इट वॉज धाराशिव.”

बाकीच्या मुलाखतीचं काय झालं ते झालं, पण या तीन ॲक्च्युअलींबद्दल मला तिचा अभिमान आहे. गाव मूळचं धाराशिवच. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ते उस्मानाबाद झालं आणि २०२३ साली सरकारनं पुन्हा धाराशिव केलं. यातला एकही ॲक्च्युअली काढून बघा, इतिहास लंगडा पडतो. हा शब्द इतका इमानानं राबताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. शिवाय शेळी राहिलीच. जिल्हा धाराशिव झाला तरी शेळीची जात उस्मानाबादीच. आठवडी बाजारात जो शेळी घेऊन उभा असतो त्याला इंग्रजीत बोलायची वेळ आली, तर चौथा ॲक्च्युअली त्याच्या वाट्याचा.

“मग शेवटी काय म्हणाले?” मी भाचीला विचारलं.

“म्हणाले, वी विल डेफिनेटली गेट बॅक टू यू.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही,” ती म्हणाली. मला वाटलं, क्लासची फी वसूल झाली.

असे जोर देणारे शब्द आवरण्याच्या बाबतीत सरकारचं कौतुक करायला हवं. आमच्या जिल्ह्याला वर्षानुवर्षं मागास म्हणायचे. कुणी ‘अत्यंत मागास’ म्हणायचं, कुणी ‘कमालीचा मागास’. आपण यातले नेमके कुठले, हे पाऊस आल्यावर कळायचं किंवा न आल्यावर. २०१८ साली दिल्लीच्या नीती आयोगानं देशातले जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार घेतले आणि आम्हाला एकदम ‘आकांक्षित’ करून टाकलं. मागे ना ‘व्हेरी’, ना ‘रियली’. नुसतं आकांक्षित. एवढ्या संयमानं लिहिलेली सरकारी इंग्रजी मी त्याआधी वाचलेली नव्हती.

शेजारच्या तात्यांचं प्रकरण मात्र संयमाच्या पलीकडे गेलं. त्यांचा मुलगा हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि त्याचा साहेब लंडनला बसतो. साहेबानं एकदा ईमेल पाठवली: तुझं काम ‘क्वाइट गुड’ आहे. मुलानं तात्यांना सांगितलं, तात्यांनी गल्लीला सांगितलं आणि कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे आणले.

“इंग्रज माणूस सहसा कुणाला गुड म्हणत न्हाई. यानं तर क्वाइट गुड म्हणलंय!”

क्वाइट हा शब्द मोठा दगाबाज. अमेरिकेतला माणूस क्वाइट गुड म्हणाला तर तो खूश असतो. इंग्लंडातला माणूस तेच म्हणाला तर बहुतेक वेळा ‘ठीक आहे, चालेल’ असं म्हणत असतो. आणि तोच इंग्रज ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणाला तर मात्र ‘साफ अशक्य’. म्हणजे शेजारी शब्द कुठला, साहेब कुठला आणि बोलताना त्यानं जोर कुठे दिला, एवढं सगळं बघायचं. ईमेलमध्ये जोर दिसत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, पण तोंडात पेढा होता. पेढा संपल्यावर मी विषय काढला.

“तात्या, मुलीकडच्यांनी निरोप धाडला की स्थळ ‘बरं’ आहे, तर तुम्ही काय समजता?”

“काय समजायचं? नाही म्हणालेत.”

“इंग्रजांचं क्वाइट त्याच घरातलं.”

तात्यांनी रिकाम्या खोक्याकडे पाहिलं. “पेढे वाटून झाले की हो.”

“मग साहेब अमेरिकन करून टाका.”

तेव्हापासून तात्या विचारणाऱ्याला सांगतात, साहेब मूळचा अमेरिकेचा, नोकरीपुरता लंडनला असतो.

पत्रं, ईमेल यांचं एक बरं असतं, चार माणसांत मिटतं. फ्लेक्सचं तसं नाही. गुलाबजामासाठी आमच्या शहराचं नाव आहे, त्यामुळे गुलाबजामाच्या दुकानांना नाव कमी पडतं. एक दुकानदार माझ्याकडे आला. त्याला फ्लेक्सवर इंग्रजी ओळ हवी होती.

“सर, ‘अटरली फ्रेश’ लिव्हू का?”

“अटरली कुठून काढलंत?”

“अमूलचं न्हाई का, अटरली बटरली. लोकांच्या तोंडात बसलंय.”

मी त्याला समजावलं, की अटरलीची ऊठबस वाईट लोकांत असते. अटरली यूसलेस, अटरली रिडिक्युलस. चांगल्या शब्दाशेजारी तो सहसा उभा राहत नाही.

“मग अमूलला कसं चालतं?”

“त्यांनी १९६६ सालापासून चालवून घेतलंय. त्यांची ती ठिपक्यांच्या फ्रॉकातली पोरगी आहे, तिला कोण बोलणार? तुमच्याकडे कोण आहे?”

त्यानं विचार केला. त्याच्याकडे मेव्हणा होता.

“बरं, मग ‘रियली फ्रेश’?”

“म्हणजे एरवी म्हणत होतात ते उगीच. आज खरंच आहेत.”

“ ‘ऑनेस्टली फ्रेश’?”

“त्यापेक्षा गल्ल्यावर ‘आम्ही फसवत नाही’ अशी पाटी लावा. गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर जाईल.”

“ ‘ॲब्सोल्यूटली फ्रेश’?”

“हे बरोबर आहे. पण वाचून होईपर्यंत माणूस पुढच्या दुकानात पोचेल.”

“मग काय, नुसतं ‘फ्रेश’?” पाकात साखर घालू नका असं मी सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला. “नुसतं फ्रेश तर समोरच्यानं बी लिव्हलंय.”

इथे खरा घोळ आहे, आणि तो इंग्रजीचा नाही. समोरच्यानं फ्रेश लिहिलं म्हणून याला व्हेरी फ्रेश लिहायचं. यानं व्हेरी लिहिलं, की समोरचा रियली लिहिणार. दोन्ही दुकानांतला खवा तोच, कढईही तेवढीच, वाढतं ते क्रियाविशेषण. पूर्वी याला आळा होता. पाट्या पेंटर रंगवायचा आणि पैसे अक्षरावर घ्यायचा. व्हेरीची इंग्रजीत चार अक्षरं, ॲब्सोल्यूटलीची दहा. दुकानदार खिशात हात घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, राहू द्या, नुसतं ‘ताजे’ लिहा. आता फ्लेक्स फुटावर छापतात. जागा घेतलीच आहे तर भरून काढा, असं म्हणत माणसं भाषा ओततात. शेवटी त्यानं ‘रियली व्हेरी फ्रेश’ छापून घेतलं, खाली मेव्हण्याचा फोटो. पहिल्याच दिवशी पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं, “आज तरी रियली फ्रेश हायत का?”

तरी गुलाबजाम गोड असतो. दुःखाचं काय? आमच्या भागात एका मोठ्या घरातले आजोबा गेले. वय ९४. घरातली नातवंडं कुणी पुण्यात, कुणी बंगळुरात, म्हणून निरोप इंग्रजीत फिरले. थोरल्या पातीनं लिहिलं, ‘सॅड डिमाइज’. ते वाचून धाकट्या पातीनं ‘व्हेरी सॅड डिमाइज’ लिहिलं. नुसतं सॅड लिहिलं असतं तर भावकी म्हणाली असती, यांना दुःख कमी झालं, जमिनीतही कमी द्या. दुपारी मोठ्या जावयांचा निरोप आला, ‘एक्स्ट्रीमली सॅड अँड अनटाइमली’. चौऱ्याण्णवाव्या वर्षी अनटाइमली! आजोबांनी आणखी किती वाट बघायला हवी होती, हे जावईबापूंनी लिहिलं नाही. संध्याकाळी कुणीतरी ‘हार्टिली कन्डोलन्सेस’ धाडले. हार्दिक शुभेच्छांचा साचा तयार होता, त्यात दुःख ओतलं. आजोबा स्वतः मितभाषी होते. गावात कुणी गेलं की ते एवढंच म्हणायचे, “गेला बिचारा.” त्यात सगळं यायचं.

एक मुख्याध्यापक एका विद्यार्थ्याला शिफारसपत्र द्यायचं म्हणून मसुदा घेऊन आले. मुलगा ‘व्हेरी व्हेरी एक्सलंट’ होता. मी म्हटलं, “सर, एक्सलंटला व्हेरी चालत नाही. त्याला ॲब्सोल्यूटली लागतं.”

“मग ॲब्सोल्यूटली गुड लिहू?”

“गुडला ॲब्सोल्यूटली शोभत नाही. गुडला व्हेरी.”

“एकाच वर्गातली पोरं आहेत, मग एकमेकांत का बसत नाहीत?”

कसं सांगणार? ही इंग्रजीतली सोयरीक आहे. क्वालिफाइडला हायली, सॉरीला डीपली, कोल्डला बिटरली. कुणी लावून दिली, केव्हा लावून दिली, पत्ता नाही, पण मोडता येत नाही. आणि आपण तरी काय वेगळं करतो? काळा असला की कुट्ट, पांढरा असला की शुभ्र, लाल भडक, हिरवा गार, पिवळा धमक. आंबट ढाण होतं, गोड मिट्ट होतं, कडू जहर होतं. कुणी ‘पांढराकुट्ट सदरा’ म्हणून बघा, सदरा फाटल्यासारखे लोक बघतील. मराठीचं बरं एवढंच, की ही लग्नं लहानपणीच उरकतात, निवडायला आपल्याला कुणी बसवत नाही. मुख्याध्यापकांना हे फार पटलं. त्यांनी शिफारसपत्रात लिहिलं, ‘हायली व्हेरी गुड’. सोयरीक दोन्ही घरांची राखली.

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना खरं तर इतके पर्याय कधी लागलेच नाहीत. आमच्याकडे ‘लई’ आहे. ऊन लई, पाऊस लई कमी, पोरगं लई हुशार, पुढारी लईच हुशार. कमी पडलं तर त्यालाच ‘च’ लावायचा. तेही पुरेना तर ‘लई म्हणजे लईच’ म्हणून हात पसरायचे, वाक्य संपलं. वरच्या कामासाठी निजामाच्या राज्यातला उर्दू शब्दांचा साठा होता. आमचे आजोबा निजामशाहीत शाळेत गेले. १७ सप्टेंबर १९४८ला निजामशाही गेली, पण त्यांचं ‘बेशक’, ‘बिल्कुल’ आणि ‘हरगिज नाही’ कुणी काढून घेतलं नाही. बिल्कुल तर आम्ही अजून जपून वापरतो. मुख्यतः पावसाबद्दल: बिल्कुल नाही. जानेवारी २०२० मध्ये इथे ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, तेव्हा पुण्यामुंबईचे पाहुणे येणार म्हणून गल्लीतल्या काहींनी ‘लई’ सोडून ‘नितांत’ची तयारी केली होती. नितांत सुंदर मंडप, नितांत सुंदर जेवण. पाहुणे गेल्यावर दोनतीन दिवस ते टिकलं. मग नळाला पाणी आलं नाही, तेव्हा नितांत कुणाला आठवला नाही.

इंग्रजांचंही मूळ दुखणं साधंच आहे. ‘व्हेरी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता ‘खरा’. म्हणजे व्हेरी गुड म्हणजे खराखुरा चांगला. लोकांनी तो इतका घासला, की त्यातला खरेपणा उडाला आणि नुसता ‘फार’ उरला. मग खरं सांगायला ‘रियली’ आणला. तो घासला. मग ‘ट्रुली’, मग ‘ॲक्च्युअली’. सगळ्यांचा मूळ धंदा एकच, मी खरं बोलतोय हो! शेवटी ‘लिटरली’वर पाळी आली. पोरांनी भाषा बिघडवली म्हणून आपण भाचीला रागावतो, पण जे झालेलं नाही ते लिटरली झालं म्हणायची खोड फ्रान्सिस ब्रूक या बाईंच्या १७६९ सालच्या कादंबरीतसुद्धा सापडते. म्हणजे पानिपताला अजून दहा वर्षंही झाली नव्हती. अमेरिकेतल्या वेबस्टरच्या मोठ्या कोशानं १९०९मध्येच हा अर्थ नोंदवून टाकला. हे मी भाचीला मोठ्या हौसेनं सांगितलं. ती म्हणाली, “मग तेव्हापासून तुम्ही मला लिटरली उगीच बोलत होता.” कोशाचे खंड कधी कुणाच्या हातात सापडतील, सांगता येत नाही.

पण एक गोष्ट त्या कोशांत नाही, ती आमच्याकडे आहे. खरं सांगायचं म्हणून इंग्रज शब्द बदलत राहिला. आमच्या जिल्ह्यात माणूस शब्द बदलत नाही, शपथ घेतो. तुळजापूर इथून हाकेवर. आई तुळजाभवानीची शपथ म्हटली, की पुढे रियली नको आणि ट्रुली नको. तोंडातून आईचं नाव निघालं की माणसाची जीभ आधी आवंढा गिळते, मग बोलते. कारण त्या शपथेला पुढे परिणाम असतो: घरात पोराला ताप आला, बैल लंगडला, बोअरचं पाणी आटलं, की बायको विचारते, “कुठं खोटी शपथ घिऊन आलाव?” लिटरलीचं तसं नाही. लिटरली म्हणून वाटेल ते बोला, बैलाला काही होत नाही. डेफिनेटली म्हणून येऊ नका, बोअर चालूच. हे शब्द आमच्याकडे एवढ्या झपाट्यानं का पसरले, याचं कारण क्लासवाल्या सरांना विचारू नका. शपथेचा सगळा रुबाब आणि दंड काही नाही, असा माल बाजारात आला तर कोण सोडेल?

पडताळा घ्यायचा तर नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन करा. “बघतो, जमलं तर येतो,” म्हणाला तर घरात थांबा, तो येतो. “येतोच,” म्हणाला तर संध्याकाळपर्यंत वाट बघा. “डेफिनेटली येतो, हंड्रेड परसेंट,” म्हणाला तर बादल्या भरून ठेवा.

मी हा शोध पैशाच्या बाबतीत वापरून पाहिला. एका ओळखीच्या गृहस्थांनी माझ्याकडून उसने पैसे घेतले होते. मागितले की ते इंग्रजीत शिरायचे. “ऑनेस्टली सांगतो, दसऱ्याला डेफिनेटली देतो.” दसरा झाला. “ॲक्च्युअली काय झालं...” त्या ॲक्च्युअलीनंतर जे झालं ते सांगायला त्यांना अर्धा तास लागला, त्यात एक पाहुणा, एक ट्रॅक्टर आणि एक बँकेचा साहेब होता. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, “बरं, आईची शपथ घेऊन सांगा, कधी देता?”

गृहस्थ गप्प झाले. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं. मग निव्वळ मराठीत म्हणाले, “सगळे न्हाई जमायचे. अर्धे दिवाळीच्या आत देतो. उरलेल्याचं आत्ताच कबूल करत न्हाई.”

अर्धे पैसे दिवाळीच्या आधी आले. उरलेल्यांसाठी परवा मी मेसेज टाकला होता, त्याचं उत्तर आलं आहे: ‘डेफिनेटली.’